क्रोमचा पातळ थर

कॉलेजात असताना मी एनसीसीत होतो. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षी ऐन पावसाळ्यात आमचा कॅम्प लागला. पॉइंट टू टूची रायफल चालवायला मिळणार म्हणून आदल्या रात्री कोणी झोपलं नव्हतं. फायरिंग झालं, रायफली पुसायच्या होत्या, पण जेवणाची शिट्टी वाजली. मी घाईघाईत चिंदी फिरवली आणि रायफल जागेवर ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी उस्तादांनी मला हाक मारली. बोल्टच्या उघड्या पोलादावर एक नारिंगी डाग पडला होता.

"हे काय आहे?"

"गंज आहे, उस्ताद."

"गंज नाही लेका, तुझा अंगठा आहे. नीट बघ."

मी वाकून पाहिलं. डागात खरंच बारीक रेषा होत्या. माझ्या घामातलं मीठ, हवेतली ओल आणि एक रात्र, एवढ्यावर पोलादाने माझा ठसा उमटवून घेतला होता.

त्या डागाने माझ्या डोक्यात एक किडा सोडला. पुढे नोकरी लागली, दिवसभर कोड लिहायला लागलो, तरी रात्री बंदुका आणि गंज यांच्याबद्दल वाचत बसायची सवय सुटली नाही. वाचता वाचता एका अशा गोष्टीपाशी पोचलो, की ती सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आधी थोडं रसायनशास्त्र. लोखंड खाणीतून निघतं तेव्हा ते बहुतेक वेळा ऑक्सिजनशी जोडलेलंच असतं. भट्टीत घालून आपण त्यांना वेगळं करतो, आणि उरलेलं आयुष्य लोखंड परत जोडलं जायची संधी शोधत असतं. पाणी आणि हवा मिळाली की काम सुरू होतं, मीठ असेल तर ते फार वेगाने होतं. तयार झालेला लाल गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, त्यामुळे तो फुगतो, सुटतो आणि खालचं ताजं लोखंड पुन्हा उघडं पाडतो.

बंदूक बनवणाऱ्यांनी यावर काढलेला जुना उपाय मजेशीर आहे. ते गंजानेच गंज रोखायचे. नळी स्वच्छ करून तिला मुद्दाम हलका गंज चढवायचा, मग ती उकळत्या पाण्यात ठेवायची. लाल गंजाचं काळ्या ऑक्साइडमध्ये रूपांतर होतं, आणि हा काळा थर सुटत नाही, धरून राहतो. सुटा भाग घासून काढायचा आणि हेच पुन्हा पुन्हा करायचं. बंदुकीचा तो सुंदर निळसर-काळा रंग म्हणजे माणसाळवलेला गंज. याला ब्लूइंग म्हणतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फॉस्फेटचा करडा थर द्यायची पद्धत आली, ती जास्त टिकाऊ ठरली. पण दोन्ही थरांना तेल लागतंच. थर तेल धरून ठेवतो आणि तेल पाणी अडवतं.

हे झालं बाहेरचं. खरी अडचण आत, नळीत होती. जुन्या काडतुसांच्या प्रायमरमध्ये, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या भागात, पोटॅशियम क्लोरेट असे. गोळी सुटली की मागे पोटॅशियम क्लोराइड उरायचं, जे मिठाचंच भावंड. ते ओल खेचून घेतं आणि तेलात विरघळत नाही. म्हणून थ्री नॉट थ्री चालवणारे सैनिक फायरिंगनंतर नळीत उकळतं पाणी ओतायचे, मग कोरडी चिंदी, मग तेल. दोन्ही महायुद्धांत भारतीय सैनिकांच्या हातात असलेल्या या ली-एन्फील्डच्या लाकडी दस्त्यात झाकणाआड एक कप्पा असे. त्यात तेलाची छोटी बाटली आणि चिंदी ओढायची दोरी, म्हणजे पुलथ्रू. बंदुकीचं औषध बंदुकीच्याच पोटात.

त्यावरचा पुढचा उपाय क्रोमचा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ताक कळकतं हे आपल्या आज्यांना ठाऊक होतं. तोच विचार इथे: नळीला आतून क्रोमचा कठीण, न गंजणारा मुलामा द्यायचा. जपानने १९३९च्या टाइप ९९ रायफलला तो दिला होता. सोव्हिएत कलाश्निकोव्हलाही तो मिळाला. पॅसिफिकच्या दमट बेटांवर लढून आलेल्या अमेरिकी सैन्यालाही हा धडा मिळाला होता, आणि त्यांच्या एम-१४ रायफलच्या नळीत क्रोम होतं.

मग एम-१६ आली.

यूजीन स्टोनरने आखलेली ही रायफल हलकी होती. तिच्या मूळ आराखड्यात चेंबरला आणि नळीला क्रोमचा मुलामा नव्हता. सैन्याने ती स्वीकारताना त्याचा आग्रह धरला नाही. त्याच सुमारास, १९६४मध्ये, काडतुसातली दारू बदलायला परवानगी दिली गेली. नव्या दारूने रायफलचा वेग वाढला आणि आत जास्त काजळी साठू लागली. भरीला, या रायफलला सफाई फारशी लागत नाही अशी समजूत पसरली. व्हिएतनामला रायफली गेल्या, पण सफाईचं सामान, तेल आणि प्रशिक्षण पुरेसं गेलं नाही.

सुरुवातीला सगळं छान दिसलं. नोव्हेंबर १९६५मध्ये इया द्रांगच्या लढाईत रायफलने चांगलं काम केलं आणि मागणी एकदम वाढली. मग ती भातखाचरांत, जंगलात, महिनोन्‌महिने पावसात फिरू लागली.

चेंबर म्हणजे काडतूस बसतं ती जागा. गोळी सुटताना पितळी पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटते आणि क्षणात आकसून सुटते, मग रायफल तिला बाहेर फेकते. पण भिंत उघड्या पोलादाची असेल आणि गंजाने तिला बारीक खड्डे पडले असतील, तर फुगलेलं पितळ त्या खड्ड्यांत शिरतं आणि अडकतं. रायफल ओढते, पुंगळी हलत नाही. मग एकच मार्ग: पुढून सळई घालून ती ठोकून काढायची. समोरून गोळ्या येत असताना. आणि सळई प्रत्येकाकडे नव्हती.

१९६७मध्ये एका मरीनचं घरी पाठवलेलं पत्र अमेरिकी संसदेपर्यंत पोचलं. आपले मेलेले साथीदार सुट्या केलेल्या रायफलींशेजारी सापडले, असं त्यात लिहिलं होतं. म्हणजे ती मुलं शेवटच्या क्षणी रायफल दुरुस्त करत होती.

यावर सैन्याचं पहिलं उत्तर ठरलेलं होतं: सैनिक रायफल नीट साफ करत नाहीत.

हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप मिटून ठेवला. कारण असलं वाक्य मी स्वतः बोललो आहे. आमच्या एका सिस्टिममध्ये जुने लॉग आपोआप पुसण्याची सोय मीच 'नंतर करू' म्हणून मागे टाकली होती. डेमो झकास झाला. काही महिन्यांनी डिस्क भरली आणि सगळं ठप्प झालं. तेव्हा मी म्हणालो, ऑपरेशन्सच्या लोकांनी लक्ष ठेवायला हवं होतं. माझ्या चुकीने कोणी मेलं नाही. पण विचार करायची पद्धत तीच होती.

त्या उत्तरात एक अर्धसत्य होतं, म्हणूनच ते इतकं सोयीचं होतं. सफाई कमी पडत होतीच. पण का? सामान दिलं नव्हतं, शिकवलं नव्हतं, दारू बदलली होती, आणि जिथे हात पोचत नाही तिथे राखण करणारा क्रोमचा थर नव्हता. काँग्रेसमन इकॉर्ड यांच्या उपसमितीने ऑक्टोबर १९६७च्या अहवालात दारू बदलण्यासकट अनेक निर्णयांवर ताशेरे ओढले आणि जबाबदार अधिकाऱ्यांचं वर्तन गुन्हेगारी निष्काळजीपणाच्या सीमेवरचं ठरवलं.

मग दुरुस्त्या झाल्या. आधी चेंबरला, पुढे पूर्ण नळीला क्रोमचा मुलामा आला. सफाईचं सामान पोचलं. १९६८मध्ये सैन्याने विख्यात कॉमिक चित्रकार विल आइस्नर यांच्याकडून रायफलच्या देखभालीची चित्रपुस्तिका करून घेतली, कारण ती वाचणारी बरीच मुलं विशीतही पोचली नव्हती. तीच रायफल, तोच पाऊस, आणि तक्रारी ओसरल्या. पुढे अनेक दशकं ती चालली.

मला या गोष्टीत सर्वात जास्त टोचतं ते हे, की क्रोमचं ज्ञान आधीच होतं. नवा शोध लावायचा नव्हता. आधीच्या रायफलमध्ये जे होतं, ते पुढच्या रायफलमध्ये गळलं. गंजासाठी कोणी वाईट असावं लागत नाही. एका बैठकीत कोणी 'याची गरज आहे का?' असं विचारावं आणि ज्याला उत्तर माहीत आहे तो त्या खोलीत नसावा, एवढं पुरतं.

उस्तादांनी त्या दिवशी मला शिक्षा केली नाही. तेलाची बाटली आणि चिंदी दिली आणि शेजारी बसून राहिले. डाग जाईपर्यंत मी घासलं. तो गेला, पण उजेडात तिरकं धरलं की तिथे बारीकशी खरखर दिसायची. मी विचारलं, आता हे पूर्ण जाईल ना?

"नाही," ते म्हणाले. "गंज पुसता येतो. त्यानं खाल्लेलं लोखंड परत येत नाही."