हार्वेस्टर कोणी घडवला? यवतमाळच्या सोयाबीनपासून ऑस्ट्रेलियाच्या गव्हापर्यंत

१/ ऑक्टोबर महिना. यवतमाळ जिल्ह्याच्या काळ्या रानात सोयाबीन वाळून उभे असते. परतीच्या पावसाची धास्ती असते, सोंगणीला मजूर मिळत नाहीत आणि उशीर झाला की शेंगा उभ्या झाडावर तडकतात. अशा वेळी परराज्यातून आलेला हार्वेस्टर गावात शिरतो, शिवार मोकळे करतो आणि पुढच्या गावी निघून जातो. या यंत्राचा इतिहास पावणेदोनशे वर्षांहून अधिक जुना आहे आणि त्यातली पाने बहुतेक शेतकऱ्यांनीच लिहिली आहेत. #धागा

२/ आधी यंत्राची ओळख. पुढचा कटर बार पीक कापतो, त्यावर फिरणारे रीळ ते आत ओढते. आत ड्रम आणि त्याखालची जाळी यांच्या फटीत मळणी होते. चाळण्या व पंखा भुसा वेगळा करतात आणि दाणे टाकीत पडतात. कापणी, मळणी, उफणणी या तिन्ही कामांचा संयोग, म्हणून नाव ‘कंबाइन’.

३/ अमेरिकेच्या मिशिगन राज्यात हिराम मूर व जॉन हॅस्कॉल यांनी १८३६ मध्ये अशा यंत्राचे पेटंट घेतले. ते ओढायला घोड्यांचा मोठा ताफा लागे. मिशिगनच्या दमट हवेत दाणा नीट वाळत नसे, त्यामुळे तिथे ते रुजले नाही. १८५४ मध्ये असेच एक यंत्र कॅलिफोर्नियाच्या कोरड्या हवेत गेले आणि एका हंगामात त्याने सुमारे ६०० एकर गहू काढला. यंत्र चांगले की वाईट, हे शेत ठरवते. हार्वेस्टरच्या इतिहासातला हा पहिला धडा.

४/ त्याच सुमारास दक्षिण ऑस्ट्रेलियात पीक उभे होते आणि हात अपुरे होते. १८४३ मध्ये कापणी यंत्रासाठी बक्षीस जाहीर झाले. जॉन रॅथल बुल नावाच्या शेतकऱ्याने आपला नमुना मांडला, पण बक्षीस कोणालाच मिळाले नाही. त्याच वर्षी पीठगिरणीचे मालक जॉन रिडली यांनी केवळ कणसे ओरबाडून घेणारे ‘स्ट्रिपर’ प्रत्यक्ष शेतात चालवून दाखवले. मूळ कल्पना कोणाची, हा वाद पुढे अनेक दशके चालला.

५/ स्ट्रिपर कणसे मळत असे, पण उफणणी वेगळी करावी लागे. व्हिक्टोरियातील एका शेतकरी कुटुंबातल्या ह्यू व्हिक्टर मकाय या विशीही न गाठलेल्या तरुणाला हे दुहेरी काम खटकले. १८८४ मध्ये वडील व भावाच्या मदतीने त्याने शेतावरच नवे यंत्र जुळवले. कणसे ओढणे, मळणे आणि दाणा स्वच्छ करणे ही सारी कामे त्यात एकाच फेरीत होत. पुढे ‘सनशाइन’ या नावाने त्याचा कारखाना जगप्रसिद्ध झाला.

६/ मकायच्या यंत्रातही उणीव होती. वाऱ्यापावसाने आडवे पडलेले पीक त्याला उचलता येत नसे. न्यू साउथ वेल्समधील हेन्टी गावाजवळचे शेतकरी हेडली टेलर यांनी अनेक वर्षे खपून लोळलेले पीकही उचलून कापणारा ‘हेडर’ तयार केला. १९१६ मध्ये मकायने त्याचे हक्क विकत घेतले आणि उत्पादनावर देखरेख ठेवायला टेलर यांनाच कारखान्यात बोलावले. १९२० मध्ये वादळांनी पिके झोपवली, तेव्हा हेडरचे मोल सर्वांना कळले.

७/ कॅलिफोर्नियातील शेतकरी जॉर्ज बेरी यांनी १८८६ मध्ये याहून धाडसी पाऊल टाकले होते. त्यांनी घोडे सोडून वाफेच्या बळावर स्वतः चालणारे कंबाइन बनवले आणि बॉयलरला इंधन म्हणून मळणीतून निघालेला पेंढाच वापरला. शेतात जे वाया जात होते, तेच यंत्राला पुढे नेऊ लागले.

८/ या साऱ्यांत एक सूत्र आहे. शेत, तक्रार आणि भाता एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. आपल्याकडे लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात लोखंडी नांगर बनवला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. ती समजून घेत, नांगर शेतात चालवून दाखवतच तो रुजवावा लागला. १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, तीही शेतीच्याच मुलखात.

९/ भारतीय बनावटीचा स्वयंचलित हार्वेस्टर आला तो पंजाबातून. १९८० मध्ये ‘स्वराज ८१००’ बाजारात आला. पुढे नाभा, भादसों यांसारख्या लहान गावांत हार्वेस्टरचे अनेक कारखाने उभे राहिले. तिथला शेतकरी मोडलेला भाग घेऊन थेट कारखान्याच्या दारात जाऊ शकत होता. पण ही यंत्रे मुख्यतः गहू आणि भातासाठी घडली होती.

१०/ इकडे विदर्भात वेगळेच पीक पसरले. जबलपूरच्या कृषी विद्यापीठाचे ‘जेएस ३३५’ हे १९९४ चे सोयाबीन वाण घराघरात पोहोचले. गव्हाच्या यंत्राने सोयाबीन काढण्याचा प्रयोग मात्र जुना आहे. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात स्टोनिंग्टनजवळ गारवुड बंधूंनी १९२४ मध्येच तो केला होता. पुढे तिथे जमिनीच्या चढउताराप्रमाणे वाकणारा लवचीक कटर बार आला. कारण साधे होते: सोयाबीनच्या खालच्या शेंगा मातीला टेकलेल्या असतात.

११/ यवतमाळच्या शेतातही पहिली अडचण हीच आहे. ताठ कटर बार वर धरला तर खालच्या शेंगा रानात राहतात आणि खाली धरला तर माती व दगड आत जातात. दुसरी अडचण ड्रमची. गव्हाच्या वेगाने तो फिरला तर सोयाबीनची डाळ होते. बियाण्यासाठी मळणी करताना ड्रम मिनिटाला ४०० फेऱ्यांच्या आसपास ठेवावा, असा सल्ला दिला जातो.

१२/ हा प्रश्न केवळ फुटक्या दाण्यांचा नाही. सोयाबीनचे साल पातळ असते आणि अंकुर त्याला लागूनच असतो. वरून अखंड दिसणारा दाणाही आतून दुखावलेला असू शकतो. प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ७० टक्के हवी. ज्याला घरचे बियाणे राखायचे आहे, त्याला ड्रमच्या वेगाची किंमत पुढच्या जूनमध्ये, पेरणी उलटल्यावर कळते.

१३/ आणखी काही अडचणी याच मातीतल्या आहेत. येथे सोयाबीनच्या ओळींमध्ये तुरीचे तास असतात. सोयाबीन ऑक्टोबरात निघते आणि तूर त्यानंतर दोन-तीन महिने उभी असते. रुंद यंत्र त्यातून जाणार कसे? कुटार गुरांचा चारा असते, पण हार्वेस्टर ते रानभर उधळतो. ओल्या काळ्या मातीत त्याचे वजन जमीन घट्ट दाबते. पांदण रस्ते अरुंद असतात. मागच्या शेतातले दाणे आणि तणांचे बी यंत्रात अडकून पुढच्या शेतात पडते.

१४/ या तक्रारींतच सुधारणांची यादी दडलेली आहे. खाली घासत जाणारा लवचीक कटर बार, चालकाला बसल्या जागी बदलता येणारा ड्रमचा वेग, कुटार गोळा करणारी जोडणी, दोन शेतांच्या मध्ये झटपट साफ करता येणारी टाकी, तुरीच्या तासांत मावेल असे अरुंद व हलके यंत्र. यांतली बरीच तंत्रे जगात कुठे ना कुठे आहेतच.

१५/ मग ती भाड्याच्या जुन्या यंत्रात का दिसत नाहीत? कारण यंत्र शेतकऱ्याच्या मालकीचे नाही. चालकाला एकरी दर मिळतो, म्हणून तो घाईत असतो. मालक दूरच्या राज्यात असतो आणि कारखाना त्याहून दूर. टेलर यांची तक्रार कारखान्यात पोहोचली, कारण मकायने तिला किंमत दिली. यवतमाळची तक्रार बांधावरच विरते.

१६/ जिथे यंत्र बदलत नाही, तिथे पीक बदलते. हरभऱ्याचे झुडूप बुटके व पसरट असते. २०१६ मध्ये राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘फुले विक्रम’ हे वाण आले. ते उंच वाढते, घाटे जमिनीपासून वर धरते आणि म्हणून यंत्राने काढता येते. आंध्र प्रदेशातही असेच ‘एनबीईजी ४७’ आले. उपाय उत्तमच आहे, पण इथे यंत्राला शेताजवळ आणण्याऐवजी झाड यंत्राच्या उंचीला आणले गेले.

१७/ एक पक्ष अजून राहिला: विळा घेऊन सोंगणी करणाऱ्या हातांचा. १९०७ मध्ये मकायच्या कारखान्यातील मजुरीच्या वादात न्यायाधीश हिगिन्स यांनी ठरवले की अकुशल कामगारालाही कुटुंबाचा माणसासारखा निर्वाह होईल इतके वेतन हवे, म्हणजे दिवसाला ७ शिलिंग. तो निवाडा ज्या कायद्यावर उभा होता, तो पुढच्याच वर्षी रद्द ठरला, पण तत्त्व टिकले. ऑस्ट्रेलियाच्या किमान वेतनाची कथा ‘हार्वेस्टर निवाड्या’पासून सांगितली जाते. हार्वेस्टरमुळे ज्या बाईचे सोंगणीचे दिवस कमी होतात, तिच्यासाठी असा निवाडा अजून कुठे लिहिला गेलेला नाही.

१८/ १८४३ मध्ये बुल यांच्या नमुन्याला निदान एका समितीसमोर उभे राहता आले. यवतमाळच्या शेतकऱ्याची कल्पना ऐकायला आज तेवढे टेबलही नाही. ते मांडले गेले, तर हार्वेस्टरच्या इतिहासातले पुढचे पान मराठीत लिहिले जाऊ शकते. (समाप्त)