मुक्तिबोधांचे शब्द आणि मणी कौल यांचा कॅमेरा

१९६२ साली मध्य प्रदेश शासनाने 'भारत : इतिहास और संस्कृति' या पुस्तकावर बंदी घातली. त्याचे लेखक गजानन माधव मुक्तिबोध हे राजनांदगावच्या महाविद्यालयात हिंदी शिकवीत असत. मराठी घराण्यात जन्मलेले, नागपुरात उमेदीची वर्षे काढलेले आणि मराठी कवी शरच्चंद्र मुक्तिबोध यांचे थोरले बंधू असलेले हे गृहस्थ पुढे आधुनिक हिंदी कवितेचे आधारस्तंभ गणले गेले. परंतु १९६४ च्या प्रारंभी पक्षाघाताने आजारी होऊन ते भोपाळच्या हमीदिया रुग्णालयात आले, तेव्हा त्यांच्या नावावर एकही स्वतंत्र काव्यसंग्रह नव्हता. त्याच वर्षी ११ सप्टेंबरला दिल्लीत त्यांचे निधन झाले.

आणि १९८० मध्ये त्याच राज्याच्या सांस्कृतिक खात्याच्या पाठबळावर त्यांच्या साहित्यावरचा 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट तयार झाला. ज्या शासनाने शब्द दडपले त्यानेच ते पडद्यावर आणविले, यातली विसंगती कोणाच्याही ध्यानी येईल. तो पैसा स्वीकारणाऱ्या दिग्दर्शकाने त्याचे काय केले, हे मात्र अधिक विचार करण्याजोगे आहे.

हे दिग्दर्शक म्हणजे मणी कौल. जन्म १९४४, जोधपूरचा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये ते ऋत्विक घटकांच्या हाताखाली शिकले. धंदेवाईक चित्रसृष्टीच्या दारात ते उभे राहिले नाहीत आणि तिनेही त्यांना बोलाविले नाही. 'उसकी रोटी'ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनने कर्ज दिले. बसचालक नवऱ्याची भाकरी घेऊन रस्त्याकडेला वाट पाहणाऱ्या स्त्रीचे हे चित्र इतके संथ की वर्तमानपत्रांनी त्यावर झोड उठविली. 'दुविधा'ला (१९७३) चित्रकार अकबर पदमसी यांचे साहाय्य झाले. त्या चित्रपटाने दिग्दर्शनाचे राष्ट्रीय पारितोषिक मिळविले, तरी सत्यजित राय यांच्यासारख्यांनीही त्यावर टीका केली. १९७६ मध्ये 'युक्त' या सहकारी संस्थेने तेंडुलकरांचा 'घाशीराम कोतवाल' पडद्यावर आणला, तेव्हा दिग्दर्शकांच्या चमूत कौलही होते. कर्ज, मित्राची मदत, सहकार : प्रत्येक चित्रासाठी नवा आश्रय शोधावयाचा, अशी ही कारकीर्द. भोपाळचा आश्रय हा त्यातलाच एक.

मुक्तिबोधांचे सरळ चरित्र रंगविणे सोपे होते. उपेक्षित कवी, गरिबी, आजार, अकाली मृत्यू. प्रेक्षकांचे डोळे पाणावण्यास एवढे पुरे, आणि अनुदान देणाऱ्यांनाही ते सोयीचे. कौल यांनी ते केले नाही. कथा, डायरी व कविता यांतील उतारे घेऊन त्यांनी रमेश, माधव व केशव अशा तीन पात्रांभोवती पटकथेची मांडणी केली. रमेशच्या भूमिकेसाठी मल्याळी नट गोपी यांना घेतले. पात्रे येथे भावना ओतून बोलत नाहीत. मुक्तिबोधांची वाक्ये ती जणू ठेव सांभाळावी तशी उच्चारतात. पुढे पुढे तर कथानकच विरळ होत जाते आणि कारखान्याच्या दृश्यात कवीचा शब्द यंत्रांसमोर येऊन ठाकतो. मध्यमवर्गाच्या आत्मवंचनेवर मुक्तिबोधांनी जो कोरडा ओढला, त्याची धार कौल यांनी बोथट होऊ दिली नाही. चित्रपट कठीण आहे, क्वचित दुर्बोधही आहे. पण तो कोणाची भाटगिरी करीत नाही. १९८१ मध्ये तो कान येथील महोत्सवात दाखविला गेला. सामान्य चित्रगृहांपर्यंत तो पोहोचला नाही, ही उणीव मान्य करावयास हवी.

चित्रपटाचे संगीत उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांचे. कौल स्वतः डागर घराण्याकडे धृपद शिकत होते, आणि आलापीचा सावकाश विस्तार हाच त्यांच्या चित्ररचनेचाही नमुना झाला. १९८१ मध्ये भोपाळला धृपद केंद्र निघाले आणि फरीदुद्दीन डागर तेथे गुरू म्हणून पुष्कळ वर्षे राहिले. कौल यांनी १९८२ मध्ये 'धृपद' हा अनुबोधपट केला.

२०११ मध्ये कौल निवर्तले. त्याआधी, १९९९ साली, त्यांनी विनोदकुमार शुक्ल यांची 'नौकर की कमीज' ही कादंबरी पडद्यावर आणली. शुक्ल मूळचे राजनांदगावचे, आणि तेथे तरुणपणी त्यांना कविता लिहिण्याचा धीर देणारे ज्येष्ठ होते मुक्तिबोध.