शेजाऱ्याचे संत वाचणारा मिशनरी

मननासाठी वचन: प्रेषितांची कृत्ये १७:१६-३४



पौल अथेन्सला गेला तेव्हा त्याने बोलण्याआधी ते शहर फिरून पाहिले. तिथल्या लोकांच्या पूजेच्या वस्तू त्याने न्याहाळल्या, त्यांच्या कवींचे शब्द त्याला ठाऊक होते. मगच तो उभा राहून येशूविषयी बोलला. हीच वाट आयुष्यभर चाललेल्या एका माणसाची आज ओळख करून घेऊ.

रेव्ह. डॉ. जस्टिन एडवर्ड्‌स ॲबट यांचा जन्म १८५३ चा. अमेरिकन मराठी मिशनतर्फे ते १८८१ मध्ये आले आणि पुढची जवळजवळ तीस वर्षे त्यांनी मुंबईत सेवा केली. रेव्ह. ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत झाला. त्याआधी टिळक ज्यांना पत्रे लिहून आपल्या शंका विचारत, त्यांत हे ॲबटसाहेब होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक पुढे म्हणत, हे आपल्याला माहीत आहेच.

१९१० च्या सुमारास ॲबट अमेरिकेला परतले. इथे बऱ्याच जणांची गोष्ट संपते. त्यांची खरी गोष्ट इथून पुढे आहे. सत्तरी ओलांडल्यावर त्यांनी महाराष्ट्रातील संतकवींची इंग्रजी ग्रंथमाला काढायला घेतली. १९२६ मध्ये भानुदास, १९२७ मध्ये एकनाथ, मग दासोपंत, १९२९ मध्ये बहिणाबाई, १९३० मध्ये तुकाराम. ताहराबादच्या महिपतीबुवांनी अठराव्या शतकात ओवीबद्ध केलेली संतचरित्रे त्यांनी शक्य तितकी शब्दशः उतरवली. १९३२ मध्ये ते वारले. ‘भक्तविजया’चे काम पं. न. र. गोडबोले आणि रेव्ह. जे. एफ. एडवर्ड्‌स यांच्या मदतीने पुढे गेले आणि त्यांच्या मागे ते छापून आले. ही पुस्तके आजही छापली जातात.

बहिणाबाईंचेच पाहा. सतराव्या शतकातील ही ब्राह्मण स्त्री. तिने कुणबी तुकोबांना गुरू मानले म्हणून नवऱ्याने तिला मारहाण केली. तिने आपली कहाणी स्वतःच अभंगांत सांगितली. ती परदेशी वाचकांपुढे ठेवताना ॲबटांनी तिला स्वतःच्या तोंडाने बोलू दिले.

हे सोपे नव्हते. मिशनऱ्यांच्या आधीच्या पिढीने हिंदू धर्मावर पुष्कळ टीका लिहिली होती. ‘ज्ञानोदया’चे जुने अंक त्याची साक्ष आहेत. किट्टेलसाहेबांनी आयुष्य वेचून तयार केलेला कन्नडचा मोठा कोश १८९४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषा शिकणे मिशनरीला लागतेच. पण शेजाऱ्याच्या भक्तीचे शब्द जसेच्या तसे मांडायला वेगळी नम्रता लागते.

कोणी विचारेल, दुसऱ्यांचे संत वाचल्याने आपला विश्वास पातळ होणार नाही का? दहा आज्ञांत शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देण्यास मनाई आहे. न वाचता, न ऐकता एखाद्याच्या श्रद्धेविषयी बोलणे हीदेखील खोटी साक्षच होऊ शकते. पौलाने अथेन्सच्या कवींचा आधार घेतला, तरी पुनरुत्थानाची गोष्ट गाळली नाही. ज्याचा पाया खडकावर आहे, त्याला दुसऱ्याचे घर पाहायला भीती वाटत नाही.

मच्छे आणि बेळगावच्या आसपासच्या गावांत आपण वारकऱ्यांच्या शेजारी राहतो. आषाढी जवळ आली की दिंड्या पंढरपूरकडे निघतात, घराघरांत हरिपाठ ऐकू येतो. आपण एकमेकांच्या सुखदुःखात जातो, लग्नात जेवतो. पण शेजारच्या काकांना तुकोबांचा कोणता अभंग आवडतो आणि का, हे आपण कधी विचारले आहे का? या आठवड्यात एकदा विचारून पाहू या. आधी ऐकू, मग आपली आशा सांगू.

प्रार्थना: हे प्रभू, आमच्या शेजाऱ्यांविषयी आमच्या तोंडून खरेच निघो. ऐकण्याचा धीर दे, आणि तुझ्याविषयी बोलताना प्रेम दे. आमेन.