परीकथेतील अखेरचे युद्ध

परीकथेवरील ॲनिमेशनपटाच्या शेवटी राजपुत्राने खड्ग उपसावे, चेटकिणीने अक्राळविक्राळ रूप धारण करावे आणि कडे कोसळत असता दुष्टाचे पारिपत्य व्हावे, हा रिवाज आता इतका अंगवळणी पडला आहे की, युद्ध हा परीकथेचा वतनी हक्कच असावा असा प्रेक्षकांचा समज झाला, तर त्यात नवल नाही. परंतु ज्या ग्रंथांतून या कथा घेतल्या, त्यांची साक्ष काढू जाता निराळीच हकीकत रुजू होते. शार्ल पेरोच्या १६९७ मधील संग्रहात निद्रिस्त राजकन्येच्या वाड्याभोवतीचे रान शंभर वर्षांची मुदत भरताच राजपुत्रापुढे आपोआप दुभंगते. ग्रिम बंधूंच्या पाठात त्याच काटेरी कुंपणाला फुले येतात. आणि शाप देणारी स्त्री शापवाणी उच्चारून जी निघून जाते, ती कथेत पुन्हा पाऊल टाकीत नाही. दुष्टांना शासन होत नाही, असे मात्र नव्हे. हिमगौरीच्या सावत्र आईला ग्रिमकथेत तापलेले लोखंडी जोडे घालून मरेपर्यंत नाचावे लागते, आणि पेरोच्या राक्षसी सासूचा शेवट तिनेच साप-बेडकांनी भरवून ठेवलेल्या पिंपात होतो. पण तो शिक्षेचा अंमल आहे, संग्राम नव्हे.

खराखुरा संग्राम पाहावयाचा तर ज्या अरबी कथांची गोडी मराठी वाचकांना कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या भाषांतराने लावली, त्यांच्याकडे वळावे लागते. तेथील एका फकिराच्या कहाणीत मायावी राक्षस सिंह होऊन झेपावताच राजकन्या आपल्या केसाची तलवार करून त्याचे दोन तुकडे करते; त्याचे शिर विंचू होते, तर ती नागीण होते; तो डाळिंब होऊन फुटतो, तर ती कोंबडा होऊन दाणे टिपते, आणि नजरेतून निसटलेला एक दाणा पाण्यात पडून मासा होतो, एवढ्या चुकीने लढाई पुन्हा पेटते. अखेर राक्षसाची राख होते खरी. परंतु उडालेल्या ठिणगीने फकिराचा एक डोळा जातो आणि राजकन्याही त्याच आगीत जळून जाते. हा विजय वाचकाला पटतो, कारण त्याची किंमत त्याच्या डोळ्यांदेखत मोजली गेलेली असते.

जर्मनीत लोटे रायनिगर या कलावतीने काळ्या कागदाच्या कातरलेल्या आकृत्या, खालून उजळलेल्या काचेवर चित्रागणिक किंचित सरकवीत, पोट्सडॅम येथे एका बँकरच्या गॅरेजवरील माळ्यात सुमारे तीन वर्षे खपून ‘राजपुत्र अख्मद’ हा चित्रपट सिद्ध केला आणि १९२६ मध्ये तो बर्लिनला दाखविला, तेव्हा तिनेही चेटकीण व जादूगार यांच्यात असेच रूपांतरांचे द्वंद्व लावले. त्या छायाकृतींच्या मुखावर भावाची एक रेघही नाही. तरी प्रत्येक नवे रूप हे आधीच्या रूपाला दिलेले बुद्धिपुरस्सर उत्तर असल्यामुळे पाहणाऱ्याचे चित्त त्यात गुंतून राहते.

अमेरिकेत वॉल्ट डिस्नेने १९३७ मध्ये ‘स्नो व्हाइट’ काढताना लोखंडी जोड्यांची शिक्षा रद्द केली. बुटक्यांनी पाठलाग केलेली राणी कड्यावर चढून त्यांच्यावर शिळा लोटू पाहते, तोच वीज कोसळून कडा तुटतो, आणि दोन गिधाडे संथपणे खाली उतरू लागतात. फैसला निसर्गावर सोपवल्यामुळे कोणाचेच हात रक्ताने माखत नाहीत.

या तजविजीचा कळस झाला १९५९ च्या ‘स्लीपिंग ब्युटी’त. सुमारे साठ लाख डॉलर खर्चून, सत्तर मिलिमीटरच्या रुंद पडद्यासाठी, आयविंड अर्ल यांच्या मध्ययुगीन चित्रशैलीतील पार्श्वभूमीवर रंगविलेल्या या चित्रपटात शंभर वर्षांची निद्रा एका रात्रीवर आली आणि उरलेली जागा युद्धाने व्यापली. वुल्फगँग रायदरमन यांच्या दिग्दर्शनाखाली साकारलेला तो काळा-जांभळा अग्निमुखी अजस्र नाग (म्हणजे रूप पालटलेली चेटकीणच), त्याच्या हिरवट ज्वाळा आणि जळते काटेरी रान ही दृश्ये आजही नेत्रांना थक्क करतात. परंतु राजपुत्राचा पराक्रम तपासून पाहिला तर काय उरते? बंदिखान्यातून त्याला पऱ्या सोडवतात, ढाल-तलवार पऱ्या देतात, अंगावर येणाऱ्या शिळांचे बुडबुडे, बाणांची फुले आणि उकळत्या तेलाचे इंद्रधनुष्य पऱ्याच करतात, आणि ढाल गमावून तो कड्याच्या टोकाशी उभा असता शेवटचा वार नेमका लागावा म्हणून तलवारीवर मंत्रही त्याच घालतात. ज्या मुलीसाठी हे सारे चालले, ती वर मनोऱ्यात निजलेली. आणि शत्रूचे गाऱ्हाणे काय, तर नामकरणाचे निमंत्रण आले नाही! त्या गाऱ्हाण्याला तलवारीखेरीज कोणी जबाब देत नाही. पहिल्या प्रदर्शनात या चित्रपटाचा खर्च भरून निघाला नाही, याचे खापर या एका प्रसंगावर फोडणे अन्यायाचे ठरेल. उलट हाच प्रसंग लोकांच्या सर्वाधिक स्मरणात राहिला. पण स्मरण आणि समाधान यांची खाती वेगळी आहेत.

पुढे १९८९ च्या ‘लिटल मर्मेड’मध्येही हीच वहिवाट चालू राहिली. अँडरसनची जलकन्या राजपुत्राच्या प्राणांसाठी स्वतःचा बळी देते. चित्रपटातील जलकन्या मात्र भोवऱ्याच्या तळाशी अडकून पडते आणि राजपुत्र फुटक्या गलबताची नाळ चेटकिणीच्या देहात घुसवतो. याच्या अगदी विरुद्ध दाखला लेव्ह अतामानोव्ह यांच्या १९५७ मधील रशियन ‘हिमराणी’चा. तेथे दीर्घ पायपीट करून आलेली चिमुकली गेर्डा राणीसमोर निःशस्त्र उभी राहते, आणि राणी एक वारही न करता निघून जाते. ना कडा, ना खड्ग. तरीही प्रेक्षकाला काही उणे वाटत नाही, कारण लढाई त्या मुलीने वाटेवरच जिंकलेली असते.

तात्पर्य, अखेरचे युद्ध हे परीकथेचे अंग नसून पडद्याने तिच्यावर बसवलेली पट्टी आहे, आणि ज्याच्या नावाने कथा सांगितली त्याने स्वतः झळ सोसून ती पट्टी भरली, तरच प्रेक्षक तृप्त होतो. एरवी त्याच्या पदरी पडते ती केवळ आतषबाजी.