शाफ्टवाल्या बाईकचं मागचं चाक थरथरतंय? दोष शाफ्टचा की टायरचा, असं ओळखा

थेरगावच्या डांगे चौकात थांबून बाईक बघितल्या, तर जवळपास सगळ्या चेनवाल्या दिसतील. जवळच चाकणला बनणाऱ्या पल्सर आणि केटीएमसुद्धा चेनवाल्याच. पण बीएमडब्ल्यूच्या आर सिरीजला किंवा मोटो गुझीला चेन नसते. इंजिनची ताकद एका फिरत्या दांड्यातून, म्हणजे शाफ्टमधून, मागच्या चाकाजवळच्या गिअरपेटीत जाते. बीएमडब्ल्यू हे १९२३ च्या आर ३२ पासून करत आली आहे.

अशा बाईकचं मागचं चाक थरथरलं की पहिला संशय शाफ्टवर जातो. हा पार्ट महाग असतो, त्यामुळे खोलण्याआधी खात्री करून घ्या.

१. गिअर बदलून बघा. मोकळ्या, सरळ रस्त्यावर स्पीड तोच ठेवून एक गिअर खाली घ्या. थरथर बदलली, तर दोष इंजिनकडे. तशीच राहिली, तर चाक, टायर किंवा शाफ्टकडे. नुसता क्लच दाबून शाफ्ट निर्दोष ठरत नाही, कारण चाक फिरतंय तोवर शाफ्टही फिरतोच.

२. थरथर कशी आहे? ताशी ८० किमीला मागचं चाक सेकंदाला साधारण ११ वेळा फिरतं, शाफ्ट त्याच्या जवळपास तिप्पट. सीट हळूहळू हलत असेल, तर टायर किंवा रिम बघा. पायाला बारीक झिणझिण लागत असेल, तर शाफ्ट बघा. थ्रॉटल दिल्यावर वाढते आणि सोडल्यावर कमी होते, तेव्हा शाफ्टवरचा संशय आणखी पक्का होतो.

३. आधी स्वस्तातलं तपासा. हवा, टायरचा फुगवटा, रिमला चिकटलेला चिखल, पडलेलं बॅलन्सिंगचं वजन. नुकतंच पंक्चर काढलं असेल, तर चाकाचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासून घ्या.

४. चाक हलवून बघा. इंजिन बंद, बाईक मेन स्टँडवर. चाक वर-खाली आणि पुढे-मागे धरून हलवा. खडखड जाणवली, तर बेअरिंग गेलेलं असू शकतं.

५. रबरी बूट आणि ऑईल. शाफ्टच्या सांध्यावरचा रबरी बूट फाटला, की पावसाळ्यात पाणी आत जाऊन सांधा गंजतो. मागच्या गिअरपेटीचं ऑईल काढल्यावर मॅग्नेटवर बारीक काळपट लेप दिसणं सहसा नॉर्मल आहे, पण धातूचे तुकडे दिसले तर पेटी उघडावीच लागेल.

शाफ्टचं काम नुकतंच झालं असेल आणि त्यानंतरच थरथर सुरू झाली असेल, तर आणखी एक शक्यता असते. शाफ्टच्या दोन्ही टोकांचे सांधे एका ठरावीक रेषेत बसवावे लागतात. तो मेळ चुकला, तर नवा कोरा शाफ्टही थरथरतो.

चाकात खडखड किंवा ऑईलमध्ये तुकडे असतील, तर बाईक चालवत नेऊ नका, टेम्पोत घालून न्या. बेअरिंग किंवा गिअर तुटून चालत्या गाडीचं मागचं चाक जाम होऊ शकतं.