मसुरीची चुनखडी आणि दूनचे झरे

२ जुलै १९८३ रोजी डेहराडूनच्या ‘रूरल लिटिगेशन अँड एन्टायटलमेंट केंद्र’ या संस्थेने सर्वोच्च न्यायालयास एक पत्र पाठविले. मसुरीच्या डोंगररांगांतील चुनखडीच्या खाणींमुळे दून खोऱ्याची हानी होत असल्याची तक्रार त्यात होती. न्यायालयाने त्या पत्रासच रिट याचिका मानले. पर्यावरणाच्या तोलाचा प्रश्न अशा स्वरूपात न्यायालयापुढे प्रथमच येत होता.

पुढच्याच महिन्यात न्यायालयाने एक तज्ज्ञ समिती नेमली. नागपूरच्या भारतीय खाण ब्यूरोचे महानियंत्रक डी. एन. भार्गव तिच्यात होते, तसेच खाण सुरक्षा महासंचालकही. खाण अधिनियम, १९५२ मधील सुरक्षेचे नियम पाळले जातात काय, पावसाळ्यात दरडी कोसळण्याचा धोका आहे काय, माणसे, गुरे आणि शेते यांना अन्य काही भय आहे काय, हे तिने पाहावयाचे होते.

वरवर पाहता ही सुरक्षेची तपासणी होती. परंतु मसुरीच्या चुनखडीत सुरक्षा आणि पाणी वेगळे काढता येत नाहीत. भेगाळलेला चुनखडक पावसाचे पाणी पोटात साठवतो आणि कोरड्या महिन्यांत झऱ्यांवाटे हळूहळू सोडतो. उद्योगांच्या दृष्टीने हा दगड शुद्ध कच्चा माल होता. खोऱ्याच्या दृष्टीने तोच पाण्याचा साठा होता. सुरुंगाने खडक फुटला की साठ्याची जागाच नाहीशी होते. उतारावरून खाली लोटलेला राडारोडा पावसात ओढ्यांमध्ये उतरतो, पात्रे उंचावतात आणि पूर शेतात शिरतो. खाणकामगाराच्या डोक्यावरची सैल दरड आणि खालच्या गावाचा आटलेला झरा यांचे मूळ एकच.

१२ मार्च १९८५ रोजी न्यायमूर्ती पी. एन. भगवती यांच्या खंडपीठाने सर्वाधिक हानिकारक ठरलेल्या खाणी कायमच्या बंद करण्याचा आदेश दिला. खाणपट्टेधारकांचे नुकसान होईल हे मान्य करून, निरोगी पर्यावरणात जगण्याच्या लोकांच्या हक्कासाठी ती किंमत मोजलीच पाहिजे, असे न्यायालय म्हणाले. बेकार होणाऱ्या कामगारांना शक्यतो वनीकरण आणि मृदासंधारणाच्या कामांत घ्यावे, असेही सांगितले. या तरतुदीची चर्चा निकालाच्या मानाने फार थोडी झाली. ऑगस्ट १९८८ च्या निकालाने मोजक्या खाणी वगळता खोऱ्यातील चुनखडीचे उत्खनन थांबविले.

खाण बंद झाली म्हणून उतार स्थिर होत नाही. उघडा पडलेला राडारोडा मजूर निघून गेल्यावरही दर पावसात घसरत राहतो. त्यामुळे खरे कष्टाचे काम पुढचे होते. माजी सैनिकांची प्रादेशिक सेनेची पर्यावरण तुकडी १९८२ पासूनच मसुरीच्या डोंगरांवर झाडे लावीत होती. सहस्रधारा येथे डेहराडूनच्या केंद्रीय मृदा व जलसंधारण संशोधन संस्थेने ६४ हेक्टर खाणग्रस्त उतार हाती घेतला. ओढ्यांत तारेच्या जाळीत दगड भरून बांध घातले, उतारांवर ज्यूटच्या जाळ्या अंथरल्या, त्यांतून गवत आणि झुडपे उगवू दिली. १९८४ ते १९९६ अशी बारा वर्षे त्यात गेली. वाहून जाणारा गाळ-दगड हेक्टरी वर्षाला सुमारे ५५० टनांवरून ८ टनांच्या आसपास आला. पावसाळ्यानंतर जेमतेम ६० दिवस टिकणारा ओढ्याचा प्रवाह २४० दिवस वाहू लागला.