चौकटीचे माप

माझा पुतण्या संगणकावर चलच्चित्रे तयार करतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने मला विचारले, "काका, चित्र केवढे काढू? १९२० बाय १०८० ठिपके पुरेत, की दोन्ही बाजूंनी दुप्पट?" आता हा प्रश्न इतिहासाच्या नादी लागलेल्या माणसाला का विचारावा? पण खरे सांगायचे तर, त्याचे उत्तर इतिहासातच आहे.

१९९३ साली अमेरिकेत 'बॅबिलॉन ५' या दूरचित्रवाणी मालिकेचा आरंभीचा चित्रपट दाखवला गेला. १९९४ ते १९९८ पर्यंत मालिका चालली. अंतराळयानांच्या प्रतिकृती बांधून त्यांचे छायाचित्रण करण्याची रूढ रीत सोडून रॉन थॉर्नटन व त्याच्या सहकाऱ्यांनी सारी याने संगणकातच उभी केली, आणि तीही प्रथम अमिगासारख्या घरगुती यंत्रांवर! नटांचे चित्रण मात्र फिल्मवर झाले आणि तेही रुंद चौकटीत, कारण उद्याचे पडदे रुंद होणार हे निर्मात्यांनी ओळखले होते. याने तेवढी तेव्हाच्या संचाच्या ४:३ चौकटीत, सुमारे ४८० ओळींत काढली गेली. त्यांना दोष देणे सोपे आहे. मी देणार नाही. प्रत्येक ठिपक्याच्या प्रकाशाचा आणि सावलीचा हिशेब संगणकाला करावा लागतो. यालाच रेंडरिंग म्हणतात. लांबी-रुंदी दुप्पट केली की ठिपके चौपट होतात, आणि यंत्राचा वेळही बहुधा त्याच बेताने वाढतो. आठवड्याला एक भाग द्यायचा, तर एवढी रात्र आणायची कोठून?

पुढे रुंद पडद्यासाठी डीव्हीडी निघाल्या, तेव्हा यानांची चित्रे वरून-खालून छाटून फुगवावी लागली. नट आणि संगणकचित्र एकत्र असलेली दृश्येही त्यातून सुटली नाहीत. एकाच संभाषणात एक चेहरा लख्ख, तर पुढचा धुक्यातून पाहावा तसा! नव्याने रेंडर करावे, तर मूळ फायली हरवलेल्या. २०२१ साली हाय डेफिनिशन आवृत्ती आली, ती मुकाट्याने ४:३ चौकटीत परतून. फिल्म नव्याने स्कॅन केली, याने मात्र होती तीच मोठी केली.

उलट 'टॉय स्टोरी' पाहा. १९९५ चा हा चित्रपट १५३६ बाय ९२२ ठिपक्यांत, म्हणजे चौकटीला सुमारे १४ लाख ठिपके घेऊन काढलेला. आजच्या हाय डेफिनिशनचे २० लाख ७३ हजार भरतात! पण पिक्सारने बाहुल्या, दिवे, हालचाली यांच्या फायली सांभाळल्या होत्या. २००९ मध्ये त्रिमिती आवृत्तीसाठी त्या पुन्हा चालत्या करायला कित्येक महिने गेले खरे, पण चित्रपट पुन्हा रेंडर झाला.

पुतण्याला म्हटले, "कच्च्या चौकटी लहान काढ, शेवटच्या १९२० बाय १०८० मध्ये. आणि मूळ फायली दोन ठिकाणी ठेव."

"दुसरी डिस्क कोण घेऊन देणार, काका?"

मी मुकाट्याने पाकीट काढले.